बोटाक कळाक होया

टकटक करणारे स्विच, त्यांचा कडकपणा आणि मराठीची करंगळी

आमच्या घरात कीबोर्डवरून पहिलं भांडण झालं ते जुलैमध्ये, रात्री पावणेबाराला. मालवणात जुलैचा पाऊस कौलांवर कोसळत असताना दुसरा कुठलाही आवाज ऐकू येणार नाही, अशी माझी समजूत होती. कीबोर्ड त्याच दिवशी कुरियरने आला होता, टीमचा रिलीज लांबला होता, आणि मी पडवीलगतच्या खोलीत बसून मजेत टाइप करत होतो. मग पाऊस एकदम थांबला. माझी बोटं थांबली नाहीत. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला : “झिला, ती टकटक बंद कर आणि माका निजाक दी!”

जुन्या कौलारू घरांत मधल्या भिंती आढ्यापर्यंत पोचत नाहीत. वर मोकळी जागा असते, आणि एका खोलीतला आवाज हा सगळ्या घराचा आवाज असतो. कीबोर्डचे रिव्ह्यू करणारे लोक बहुधा अशा घरात राहत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसाचे आठ-नऊ तास कीबोर्डवर जातात, त्यातला बराचसा वेळ इंग्रजीत, कोड लिहिण्यात. रात्रीचा तास-दीड तास मराठीत. मालवणात राहून पुण्याचं काम करता येतं ते या दहा बोटांच्या भरवशावर. त्यामुळे ‘किती कडक स्विच घ्यावा’ हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ छंदाचा उरलेला नाही. गेल्या वर्षभरात मी त्याचं उत्तर दोनदा चुकीचं दिलं, आणि दुसऱ्या चुकीत महिनाभर करंगळी दुखवून घेतली. हा लेख एखाद्या कीबोर्डचा रिव्ह्यू नाही. हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला जातो, त्या पद्धतीचा हा रिव्ह्यू आहे.

खोक्यावरचा आकडा

तुमच्यापैकी बहुतेक जण हे फोनवर वाचत असणार. फोनवर टाइप करताना प्रत्येक अक्षराला एक बारीक थरथर जाणवते. काच तर जागची हलत नाही, मग ही थरथर कशाला? बोटाला ‘पोचलं बरं का’ असं सांगण्यासाठी. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये हेच काम प्रत्येक बटणाखालचा स्वतंत्र स्विच करतो. त्यात एक स्प्रिंग, एक खालीवर होणारा प्लास्टिकचा दांडा आणि धातूचा संपर्क असतो. चेरी या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचची रचना आज जवळपास सगळे वापरतात. पेटंटची मुदत संपल्यावर कैल, गेटरॉन, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच ढिगाने बनवले.

या स्विचच्या तीन जाती. सरळ खाली जाणारे लिनिअर, मध्ये उंचवटा लागणारे टॅक्टाइल, आणि उंचवट्यासोबत ‘टक्’ असा आवाज करणारे क्लिकी. रंगांवरून नावं पडली : लाल, तपकिरी, निळा. प्रत्येक स्विचच्या खोक्यावर एक आकडा असतो. निळ्याचा साधारण ६० ग्रॅम, हिरव्याचा साधारण ८०. हा झाला ‘कडकपणा’. एवढ्या आकड्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकलेलं आठवून पाहिलं तर इथे पहिला गोंधळ दिसतो. स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती एक मिलिमीटर दाबली की जोर कितीने वाढतो, ते माप. खोक्यावरचा आकडा मात्र जोराचा, आणि तोही वाटेतल्या एका जागेचा असतो. बटण एकूण चारेक मिलिमीटर खाली जातं. त्या प्रवासात बोटाला निदान तीन वेगळे जोर भेटतात : सुरुवातीचा, उंचवट्यावरचा आणि तळाचा. दोन स्विचवर ६० हाच आकडा असू शकतो. तरी एक सुरुवातीला हलका, मग अचानक भिंतीसारखा, मग एकदम पोकळ. आणि दुसरा आधीपासूनच जड, छोट्या उंचवट्याचा, तळाशी आणखी जड. पहिल्यावर बोट उंचवटा ओलांडलं की धाडकन तळाला आपटतं, कारण पुढे त्याला धरायला काहीच नसतं. दुसऱ्यावर बोट तळाच्या आधी परत फिरू शकतं. आकडा एक, पण हाताला भेटणारी माणसं दोन.

म्हणून ‘हलका घ्या, बोटं दमणार नाहीत’ हा सल्ला जितका सरळ वाटतो तितका सरळ नाही. फार हलक्या स्विचवर प्रत्येक दाब तळाला आपटतो, आणि हे आपटणंच सांध्यांना लागतं. ‘जड घ्या, टाइप केल्यासारखं वाटेल’ हाही सल्ला तितकाच अर्धवट.

मी एक हिशेब करून पाहिला. समजा, बटणाच्या पूर्ण चार मिलिमीटरच्या प्रवासात सरासरी ५० ग्रॅम जोर लागतो. म्हणजे एका दाबाला साधारण दोन हजारांश ज्यूल ऊर्जा. दिवसाला २० हजार दाब धरले तर ४० ज्यूल. एक लिटर पाणी चार मीटर वर ओढायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. आमच्या विहिरीतून दहा लिटरची एक कळशी चार मीटर वर ओढली, की माझं दहा दिवसांचं टायपिंग झालं. सरासरी जोर ७० ग्रॅम केला तर दिवसाचे ४० ज्यूल ५६ होतात. कळशीसमोर तो फरक काहीच नाही.

मग बोटं दमतात कशाने? एकूण कष्टाने नाही, हे हिशेबातून उघड झालं. दमणं येतं ते ठरावीक बोटावर, ठरावीक कोनात, त्याच त्या सांध्यावर हजारो वेळा येणाऱ्या भारामुळे. कळशी ओढताना सगळं शरीर लागतं. टाइप करताना कधीकधी एकटी करंगळी. खोक्यावरच्या आकड्यात करंगळीचा उल्लेख नसतो.

टक् आला कुठून

टंकयंत्राचा आवाज कुणी मुद्दाम बनवला नव्हता. खिळा फितीवर, फीत कागदावर आणि कागद रुळावर आपटला की आवाज होणारच. आवाज झाला म्हणजे अक्षर उमटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

संगणकाच्या कीबोर्डला आपटायला काही उरलं नाही. विजेचा संपर्क जुळला की काम झालं, आणि तो मुकाट्याने जुळतो. पण त्या काळी कीबोर्डवर बसणारी माणसं टंकयंत्रावरून आलेली होती. त्यांच्या बोटांना उत्तर हवं होतं. आयबीएमने त्यासाठी एक सुंदर तोडगा काढला. बटणाखालची स्प्रिंग दाबत गेलं की एका क्षणी ती कमरेत वाकते. ती वाकताना ‘टक्’ होतो, आणि त्याच वाकण्याने खालची पट्टी हलून अक्षर नोंदवलं जातं. १९८१च्या आयबीएम पीसीसोबतचा मॉडेल एफ आणि १९८५चा मॉडेल एम या तत्त्वावर चालायचे. बोटाला लागलेला धक्का, कानावर पडलेला आवाज आणि पडद्यावरचं अक्षर या तिन्हींचं कारण एकच.

चेरीच्या निळ्या स्विचमध्ये हे नातं सैल झालंय. त्यात दांड्याभोवती एक सुटा पांढरा तुकडा असतो. उंचवटा ओलांडला की तो निसटून खाली आपटतो आणि टक् होतो. विजेचा संपर्क साधारण तेव्हाच जुळतो, पण तो वेगळा भाग आहे. शिवाय बटण वर येताना संपर्क तुटण्याची जागा जुळण्याच्या जागेच्या बरीच वर आहे. एकच बटण झपाट्याने दोनदा दाबायचं असेल तर बोट नीट वर उचलावं लागतं. आवाजाच्या बाजूने बोलायचं तर निळ्याचा टक् प्लास्टिकचा आहे, थोडा खुळखुळता. कैलने बॉक्स नावाची मालिका आणली, त्यात सुट्या तुकड्याऐवजी एक बारीक तार असते. दांडा ती तार छेडतो. टक् स्वच्छ आणि कडक होतो, जाड तारेच्या जेड आणि नेव्ही या स्विचमध्ये तर जातानाही आणि येतानाही. संपर्काचे भाग बंद पेटीत असल्याने धूळ आणि ओल कमी शिरते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला हा गुण टक्‌पेक्षा मोठा वाटतो. माझा पहिला स्वस्तातला क्लिकी कीबोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात तोतरा झाला होता. एकदा काना दाबला की दोनदा उमटायचा.

आपल्याकडे हा टक् फार लोकांनी ऐकलाय, फक्त नाव माहीत नसतं. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ हा कीबोर्ड आठवून पाहा. बँकेच्या काउंटरवर, वकिलाच्या ऑफिसात, लग्नपत्रिका करून देणाऱ्या डीटीपीच्या दुकानात काळा किंवा मळकट पांढरा, जाडजूड, रेल्वेच्या तिकीट खिडकीसारखा वाजणारा. त्यात वर्षानुवर्षं चेरीचेच निळे स्विच होते. परदेशात लोक ज्या स्विचसाठी छंद म्हणून पैसे मोजत होते, तो आपल्याकडे क्लार्कच्या बोटाखाली गुपचूप काम करत होता. त्याचा रिव्ह्यू कुणी केला नाही. ज्यांना करता आला असता त्यांना रांग संपवायची होती.

आईची परीक्षा

तोतरा कीबोर्ड टाकून दिल्यावर मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं आणि स्विच टेस्टर मागवला. टेस्टर म्हणजे एका पट्टीवर बसवलेले नऊ वेगवेगळे स्विच, दाबून बघायला. तो ओटीवर ठेवून मी स्वतः दाबत बसलो होतो. आई भाजी निवडत होती. तिने हात पुसले आणि नऊच्या नऊ दाबले. मग एकावर बोट ठेवलं : “ह्यो बरो. बाकीचे नुसते वाजतत.”

तो नेव्ही होता. पट्टीवरचा सगळ्यांत जड.

आईचं मत मी हलक्यात घेणं शक्य नव्हतं. १९९०च्या आसपास तिने टायपिंगच्या क्लासात मराठी तीस आणि चाळीसची परीक्षा दिली होती, आणि लग्नाआधी काही वर्षं तहसील कचेरीजवळ एका अर्ज लिहून देणाऱ्याकडे टाइप केलं होतं. मशीन गोदरेजचं. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये पहिलं देशी टंकयंत्र बनवलं. २००९ मध्ये ऑफिसची टंकयंत्रं बनवणं थांबवलं, आणि २०११ मध्ये शेवटचा साठा संपत आल्याची बातमी जगभर फिरली. या दोन तारखांच्या मधल्या काळात महाराष्ट्रातल्या कित्येक मुलामुलींना नोकरीच्या दारापर्यंत नेणारं ते यंत्र होतं. कुणी म्हणेल, या विषयात तिच्याइतका अधिकार कुणाचा? मीही तेच म्हटलं आणि पूर्ण कीबोर्ड नेव्हीचा केला.

जुलैची ती रात्र त्याच कीबोर्डची. आणि ऑगस्टमध्ये माझी डावी करंगळी बाहेरच्या बाजूने दुखायला लागली. चहाचा कप धरताना ती आपोआप दूर राहायची, सिनेमातल्या श्रीमंत बाईसारखी. डॉक्टरांनी आराम सांगितला. स्प्रिंट चालू असताना करंगळीला एकटीला रजा कशी देणार?

चूक आईची नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं की तिला नेव्ही का आवडला. विचारलं तेव्हा उत्तर सरळ होतं. अर्जाच्या चार प्रती लागायच्या. मध्ये तीन कार्बन. हलक्या हाताने मारलं तर शेवटच्या प्रतीवर अक्षर पुसट यायचं आणि साहेब कागद परत पाठवायचे. तिच्या बोटाच्या हिशेबात ‘बरोबर दाब’ म्हणजे चौथ्या कागदापर्यंत पोचणारा दाब. माझ्याकडे चौथा कागद नाही. माझं अक्षर अर्ध्या वाटेवरच नोंदवलं जातं, उरलेला सगळा जोर प्लास्टिकच्या तळात मुरतो.

दुसरी चूक टेस्टरवर विश्वास ठेवण्याची. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत सारखं शिजलेलं असतं. कीबोर्ड तसा नाही. एक बटण तर्जनीने एकदा दाबून जे कळतं ते पहिल्या मिनिटाचं सुख असतं. जड आणि खणखणीत स्विच नेहमीच तिथे जिंकतो. आठव्या तासाला, करंगळीने, तिरक्या हाताने दाबताना तो कसा वागेल हे पट्टीवर कळत नाही. व्हिडिओवाले रिव्ह्यूही असेच पट्टीवरचे असतात. माइक जवळ ठेवायचा, इंग्रजीतलं एखादं ठरलेलं वाक्य झरझर टाइप करायचं आणि आवाजाला ‘खोल’, ‘कुरकुरीत’, ‘मलईदार’ अशी विशेषणं लावायची. ती विशेषणं खाण्याची आहेत, हे लक्षात घ्या. चव सांगायची आणि पचनाचं बोलायचं नाही.

मराठीची करंगळी

करंगळी दुखायला लागल्यावर मी ती नेमकं काय करते ते बघायला लागलो. कोड लिहिताना तिला कंस, अधोरेखा, एंटर एवढी कामं आहेत. पण दुखणं वाढायचं ते रात्री, मराठी लिहिताना.

मी इन्स्क्रिप्टमध्ये लिहितो. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेली ही रचना खरोखर हुशार आहे. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क, त, र, प अशी रोजची व्यंजनं बोटांच्या मूळ जागेवर. व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा असे हात आळीपाळीने चालतात, पखवाजासारखे. जोडाक्षराचा पाय मोडायचं हलंत चिन्ह डाव्या मधल्या बोटाखाली, म्हणजे जोरकस बोटाला दिलंय.

पण अक्षरं जास्त आणि बटणं तेवढीच, म्हणून अर्धी वर्णमाला शिफ्टखाली गेली. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्टखाली. ण, श, ष, ळ शिफ्टखाली. अ पासून औ पर्यंतचे सुटे स्वर शिफ्टखाली. आणि शिफ्ट दाबते कोण? करंगळी.

एक साधं वाक्य घेऊ : ‘माझ्या आईने आज शाळेजवळून भाजी आणली’. यात २९ चिन्हं टाइप करावी लागतात, त्यांतली १० शिफ्टखालची. हेच वाक्य इंग्रजीत लिहिलं तर शिफ्ट एकदाच, पहिल्या अक्षराला. ‘आई’ या शब्दाची दोन्ही अक्षरं शिफ्टखाली आहेत. मी वाक्य मुद्दाम निवडलंय, हे कबूल. ‘नको ते काम करू नको’ यात शिफ्ट एकदाही लागत नाही. मालवणीतलं ‘माका’ शिफ्टशिवाय होतं, ‘खय’ला एकदा लागते. पण मराठीत चार ओळी लिहा आणि शिफ्ट मोजा. इंग्रजीच्या कितीतरी पट भरेल.

म्हणजे जो माणूस इंग्रजी टाइप करून ‘८० ग्रॅम मस्त’ असं सांगतो, त्याची करंगळी जवळजवळ बसून असते. माझी दर तिसऱ्या अक्षराला ८० ग्रॅम उचलते, आणि नुसतं दाबून सोडत नाही, दुसरं बटण दाबेपर्यंत धरून ठेवते. सगळ्यांत अशक्त बोट, सगळ्यांत लांब पोच आणि धरून ठेवायचं काम. आकडा तोच, भाषा बदलली की दुखणं बदललं.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसली. टंकयंत्रावर शिफ्ट दाबली की यंत्राचा एक अख्खा जड भाग हलायचा. “त्या शिफ्टीन माझ्या करंगळेची वाट लावल्यान,” ती म्हणाली. तीस वर्षं झाली आणि हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरंच.

टक्‌चाही एक मराठी घोटाळा आहे. क्लिकी कीबोर्डचं आकर्षण म्हणजे त्याची लय. अक्षर एक, टक् एक. इंग्रजीत हे जमतं. मराठीत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपण तीन अक्षरांत म्हणतो : स्वा, तं, त्र्य. टाइप करताना ११ चिन्हं, म्हणजे ११ टक्. ‘ध’ एक अक्षर, पण शिफ्ट धरून दोन टक्. आवाज अक्षरं मोजत नाही, संगणकाच्या पोटातली चिन्हं मोजतो. रोमन लिपीत लिहून मराठी करून घेणाऱ्यांची गत याहून वेगळी. त्यांना दीर्घ स्वरासाठी एकच बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं, आणि वर सांगितलेली निळ्या स्विचची अडचण नेमकी त्यांनाच भोवते. ‘कुठला क्लिकी स्विच चांगला’ या प्रश्नाआधी ‘तुम्ही मराठी कशी लिहिता’ हे विचारायला हवं.

मग घ्यायचा कुठला?

निकाल द्यायचाच तर असा देतो. इंग्रजी लिहिणाऱ्याला आणि ज्याची खोली बंद होते त्याला निळा अजूनही वाईट नाही. फक्त खुळखुळ सहन करायची तयारी हवी. हिरवा आणि नेव्ही मला आता तब्येतीत असलेल्या तरुणाने जिममध्ये काढलेल्या फोटोसारखे वाटतात. एखाद्या बटणाला ठीक, अख्ख्या कीबोर्डला नको. पांढरा बॉक्स हलका आहे, पण पातळ तारेमुळे त्याचा उंचवटा बोटापेक्षा कानाला जास्त कळतो. जेड मला सगळ्यांत पटला. धार नेव्हीइतकीच, स्प्रिंग हलकी. त्याचा दोष असा, की उंचवट्यानंतर तो पोकळ आहे आणि बोट तळाला जातं.

पण खरा निकाल हा की ‘कुठला’ हे एकवचनच चुकलंय. आजकालच्या कीबोर्डांत सोल्डरिंगशिवाय स्विच काढून दुसरा खुपसता येतो. मग सगळ्या बटणांना एकच स्विच कशाला? रिअलफोर्स या जपानी कीबोर्डच्या काही मॉडेलांत करंगळीच्या बटणांना ३० ग्रॅम आणि मधल्या बोटांना ४५ ग्रॅम असं वाटप केलेलं असतं. म्हणजे कल्पना नवी नाही. मी अक्षरांना जेड ठेवले. दोन्ही शिफ्टना बिनआवाजाचे हलके लाल लिनिअर लावले. शिफ्टला टक् नकोच, कारण शिफ्ट म्हणजे अक्षर नाही, अक्षराची तयारी आहे. या एका बदलाने दोन गोष्टी झाल्या. ‘ध’ला आता एकच टक् वाजतो. आणि करंगळी चारेक आठवड्यांत शांत झाली. त्यात आरामाचा, खुर्ची उंच केल्याचा आणि मनगट सरळ ठेवल्याचा वाटाही आहे. सगळं श्रेय स्विचला दिलं तर मीही त्या व्हिडिओवाल्यांसारखाच होईन.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. शिफ्ट बदलल्यावर मी कीबोर्ड पुन्हा आईसमोर ठेवला होता. तिने चार बटणं दाबली, मग लाल शिफ्ट दाबली, मग पुन्हा एक जेड. आणि म्हणाली : “दाबला ता बोटाक कळाक होया, कानाक कित्याक?”

मी तिला समजावायला लागलो, आणि अर्ध्यात गप्प झालो. कारण प्रश्न बरोबर होता. जेडचा उंचवटा इतका धारदार लागतो तो तार एकदम सुटते म्हणून, आणि तार एकदम सुटली की वाजणारच. बोटाला मिळणारी धार आणि कानाला होणारा त्रास एकाच तारेतून येतात. आवाज काढून टाकलेले टॅक्टाइल स्विच मिळतात, पण त्यांचा उंचवटा मऊ, गोल असतो. कुणीतरी तोंडात घास घेऊन बोलल्यासारखा. निदान मी दाबलेल्या स्विचांत तरी बोटाला नीट कळेल आणि शेजारच्या खोलीला कळणार नाही असा एकही सापडला नाही. टक्‌ची किंमत टाइप करणारा देत नाही, त्याच्या घरातले देतात. आणि हा आकडा कुठल्याच खोक्यावर नसतो.

सध्या आमच्यात तह असा आहे : रात्री दहानंतर जेड बंद. त्यानंतर मी लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर लिहितो. त्यावर लिहिताना मला मजा येत नाही, चुका जास्त होतात.

दुपारी कधीकधी आई त्या कीबोर्डवर बसते. तिच्यासाठी मी संगणकावर रेमिंग्टनची रचना घालून दिली आहे, टंकयंत्रावर होती तशी. पहिल्या दिवशी बटणांकडे न बघता तिने आमचा पूर्ण पत्ता टाइप केला, तालुका, जिल्हा आणि पिनकोडसकट. एका ठिकाणी अडखळली, पण हात मशीनवर ठेवायची पद्धत तीच, मनगटं वर, पाठ ताठ. दाब मात्र अजून चौथ्या कागदाचा आहे. टेबल हलतं. मी कीबोर्डखाली चार घड्या करून पंचा घातलाय.